सागरकन्येचा मुखवटा

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. सोपा दिसतो, पण सोपा नाही!

तुम्ही म्हणता — देवा, भेट रे! एकदा दर्शन दे! टाळ कुटता, गळा काढता. चांगलं आहे. पण समजा तो आला. खरंच आला, दारात उभा राहिला — आणि तुम्ही फोटोत बघता तसा नसला तर? ना पीतांबर, ना मुकुट, ना ते गोड हसू. अंगाला वास, चेहरा असा की बघवत नाही. तर काय कराल? थांबाल? की — अगं बाई! — म्हणून दार लावून घ्याल?

हसू नका. पुढच्या रांगेतल्या काकू सगळ्यात आधी दार लावतील, मला माहीत आहे!

याचं उत्तर आज मी पुराणातून देणार नाही. लांब जाऊ. समुद्र ओलांडून — जपान देशात! काय हो पेटीवाले, चकित झालात? तिथेही देव आहेत, जत्रा आहेत. आणि आपल्या कोकणात जसा दशावतार, तसा त्यांच्याकडे एक नाच आहे. नाव कागुरा. देवळाच्या अंगणात ढोल वाजतो, बासरी वाजते आणि लाकडी मुखवटे बांधून माणसं देवांच्या गोष्टी नाचून दाखवतात. प्रेक्षक कोण? पहिला प्रेक्षक देव! माणसं आपली मागे बसून बघतात. आणि आपल्याकडे पुरुष लुगडं नेसून राधा होतो ना? तिथेही तसंच. मिशीवाला मासेमार मुखवटा बांधतो आणि राजकन्या होतो!

असाच एक मासेमार होता — गेन्झो. इसोउरा नावाचं गाव, शंभरेक वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्षभर माकुल — तो दहा पायांचा मऊ समुद्री जीव — पकडायचा, जाळी विणायचा. आणि शरद ऋतूतल्या जत्रेत सागरकन्या होऊन नाचायचा.

आता ही सागरकन्या कोण? ऐका. डोंगरावरचा एक राजपुत्र होता. त्याने भावाचा गळ उसना घेतला मासे धरायला — आणि समुद्रात हरवला! भाऊ म्हणाला, दुसरा नको, माझाच दे. दुसऱ्याच्या वस्तूपायी माणूस कुठवर जातो बघा — हा थेट समुद्राच्या तळाशी गेला. तिथे सागरराजाची मुलगी, तोयोतामा. नजरेला नजर भिडली, लग्न झालं. तीन वर्षं सुखात गेली. मग घराची आठवण आली, गळ घेऊन हा परतला. ती मागून किनाऱ्यावर आली. दिवस भरले होते. पाणकावळ्याच्या पिसांनी झोपडी शाकारायला घेतली, शाकारणी अर्धी झाली तोच कळा सुरू! ती नवऱ्याला म्हणाली, "या वेळी मी माझ्या मूळ रूपात जाते. मला पाहू नका. एवढं ऐका."

ऐकलं? छे! नवराच तो! फटीतून डोळा लावला. आत काय दिसलं — भली थोरली मगर, वेदनेने लोळतेय! हा घाबरला आणि पळाला. तिला कळलं. लाजेने तिने बाळ किनाऱ्यावर ठेवलं, समुद्राची वाट बंद केली आणि गेली. पण बाळावरचा जीव सुटेना, म्हणून धाकट्या बहिणीला वर पाठवलं — जा, माझं लेकरू सांभाळ.

गेन्झो हा शेवट नाचायचा तेव्हा गाव रडायचं. पांढरा मुखवटा, बाही तोंडावर धरलेली, आणि एकेक पाऊल मागे, मागे, मागे...

त्याच्या त्या बाह्या कोण शिवायचं? बायको — नुई. मुखवट्याची दोरी तिनेच बांधायची. दुसऱ्या कुणी बांधली तर म्हणे त्याचे पायच हलत नसत. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पाळण्यात चार महिन्यांची पोर. पोरीचं नाव — नामी! आपल्याकडे नामी म्हणजे झकास. त्यांच्याकडे नामी म्हणजे लाट.

एक दिवस नुई बाही शिवत बसली होती. गेन्झो ओरडला, "अगं, बोट! रक्त येतंय!"

"कुठे?"

पांढऱ्या रेशमावर लाल डाग पसरत होता. सुई नखाजवळ रुतलेली. आणि तिला पत्ता नव्हता! तिने सुई उपटली, बोटाकडे पाहिलं. मग दुसऱ्या बोटाला मुद्दाम टोचली. तेही बधिर.

महारोग, मंडळी. कुष्ठ. आज गोळ्या घेतल्या की बरा होतो. घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही. तेव्हा औषध नव्हतं, पण भीती मात्र पोत्याने होती. वैद्य आला, अधिकारी आला. गावाने त्यांना विहीर बंद केली. रोग पसरू नये म्हणून लोकांनी उंबऱ्यावर चुना टाकला. लांब एक बेट होतं, अशा रोग्यांना तिथे नेऊन ठेवत. बोटीने दोन दिवसांची वाट. गेलेलं माणूस परत येत नसे.

धक्क्यावर नुई म्हणाली, "दोन गोष्टी मागते. पोरीला सांगा, आई मेली. आणि तुम्ही मला बघायला येऊ नका. आज आहे तशीच लक्षात ठेवा."

गेन्झोने मान डोलावली. बोट गेली.

चार दिवसांनी दारात एक मुलगी उभी. काखेत गाठोडं. नुईची धाकटी बहीण, सातो. बहिणीच्या रोगामुळे तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. "भावोजी, पोर कुठे आहे?" एवढंच बोलली आणि पाळण्याची दोरी हातात घेतली.

पोर बोलायला लागली, तशी सातोलाच आई म्हणू लागली. सातो दर वेळी म्हणायची, "मी मावशी. आई बेटावर आहे."

गेन्झो चिडला. "तिने सांगितलंय, मेली म्हणून सांगा!"

"तिने तुम्हाला सांगितलं. मला नाही. जित्या माणसाला मारायला मी नाही आले, भावोजी!"

आणि गेन्झो कसा होता? काय सांगू! दोरा सापडला नाही की हाक मारायचा — नुई! मग स्वतःच उठून शोधायचा. जाळं उन्हात टाकायचा आणि तिच्या बेटाच्या दिशेला तोंड करून बसायचा. तिकडे काही दिसत नव्हतं हो. नुसतं पाणी! तरी बसायचा.

*लाटेमागे लाट येई । तुझी चाहूल ना काही ।*
*उभा किनाऱ्याच्या ठायी । जीव माझा ॥*

(वाजवा! हळू... हळू.)

वर्षातून दोनदा पत्र यायचं. कागदाला औषधाचा वास. सातो वाचून दाखवायची. पाचव्या वर्षी गेन्झोने कागद हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हतं, पण नुईचं वळण तो ओळखायचा. म्हणाला, "हे अक्षर कुणाचं?"

सातो खाली बघून म्हणाली, "शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून लिहून घेतलंय. ताईची बोटं आता..."

त्याने पुढे विचारलं नाही.

पहिली दोन वर्षं गावाने त्याला नाचू दिलं नव्हतं. पण दुसऱ्या कुणाला सागरकन्या साधेना, म्हणून परत बोलावलं. गरज पडली की विटाळ फिटतो, हे जपानातही तसंच! मुखवट्याची दोरी आता तो स्वतःच बांधायचा. आणि असा नाचायचा की लोक म्हणत — पूर्वी छान नाचायचा, पण आता काळीज पिळवटतं, बघवत नाही.

नामी आठ वर्षांची झाली. जत्रा संपली, उन्हात बाप घाम पुसत बसलाय. पोर म्हणाली, "बाबा, राजकन्या का गेली?"

"त्याने पाहिलं म्हणून. वचन मोडलं त्याने."

"पाहिलं तर काय झालं? तो पळाला म्हणून गेली ती!"

"अं?"

"तो पळाला नसता, आत गेला असता, पाणीबिणी दिलं असतं, तर ती कशाला गेली असती?"

मंडळी! तीस वर्षं नाचला होता तो ही गोष्ट. त्याच्या बापाने नाचली, आज्याने नाचली. एकालाही सुचलं नव्हतं!

गेन्झो त्या दिवशी जेवला नाही. अंगणात बसून राहिला. शेवटी सातोला म्हणाला, "आठ वर्षं मी सांगत आलो, वचन पाळतोय. खरं सांगू? मी घाबरत होतो. ती कशी झाली असेल, ते मला बघायचं नव्हतं. वचन बरं पडलं मला!"

सातो काय म्हणाली? "बोट परवा सुटते, भावोजी." बस्स. पेटीत मुखवटा, खांद्यावर ढोल, तिघं निघाली.

बेटावर परवानगी मिळाली ती अशी — भर दुपारी, अंगणात मधे दोर बांधायचा. अलीकडे तुम्ही, पलीकडे रोगी. दोर ओलांडायचा नाही. पलीकडे दोनशे माणसं येऊन बसली. कुणाच्या डोक्यावर फडकं, कुणाचे डोळे गेलेले. सातोने ढोलावर टिपरी टाकली, आणि सागरकन्या अंगणात आली.

मुखवट्याला डोळ्यांची भोकं केवढी? मुगाएवढी! त्या भोकांतून तो नाचता नाचता शोधतोय. ही? नाही. ती? नाही. जिची आठवण आल्यावाचून एक दिवस गेला नाही, ती समोर बसलीय — आणि ओळखू येत नाही! काय झालं असेल त्याच्या जिवाचं?

आला, तो शेवट आला. राजपुत्राने पाहिलं, आता बाही तोंडावर घ्यायची आणि मागे सरायचं. एक पाऊल... आणि गेन्झो थांबला. ढोल थांबला. त्याने दोरी सोडली, भर नाचात मुखवटा काढला! घामेजला, पिकल्या मिशांचा मासेमार उभा. ओरडला —

"नुई!"

तिसऱ्या रांगेत, डोक्यावर फडकं घेतलेल्या एका बाईने मान आणखी खाली घातली.

गेन्झोने दोर ओलांडला. पहारेकरी धावला, "अहो! अहो!" हा कुणाचं ऐकतो? जाऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"वर बघ."

"नका. वचन दिलंत तुम्ही."

"मोडतोय."

तिने मान वर केली. भुवया नव्हत्या. नाक बसलं होतं. एक डोळा पांढरा पडलेला.

मंडळी, त्याचा पाय मागे गेला. हो! एक पाऊल मागे गेला. खोटं कशाला सांगू? माणूस होता तो. तिनेही ते पाहिलं. तिने फडकं पुढे ओढलं.

आणि तोच मागे गेलेला पाय त्याने पुढे टाकला. खाली बसला, मातीत, तिच्या गुडघ्याशी गुडघा लावून. आठ वर्षं साठवलेलं सगळं विसरला. म्हणाला —

"जेवलीस का?"

ती हसली! "आठ वर्षांनी आलात, आणि हे विचारता?"

आवाज तोच होता हो! तसूभर बदलला नव्हता. तो आवाज ऐकला आणि हा पुरुष, दोनशे माणसांसमोर, लहान पोरासारखा रडायला लागला.

दोराच्या अलीकडे नामी उभी. तिने मावशीकडे पाहिलं. सातोने नुसती मान डोलावली. पोर ओरडली, "आई!"

नुई म्हणाली, "अगं बाई, एवढी उंच झाली?" आणि सातोकडे बघून दोन्ही हात जोडले. बोटं जुळत नव्हती, मनगटंच जुळवली. सातोने टिपऱ्या खाली ठेवल्या आणि तोंड फिरवलं.

ती घरी आली का? नाही आली. नियम होता. संध्याकाळच्या बोटीने तिघं परतली, ती धक्क्यापर्यंतही येऊ शकली नाही. पण दर शरदात गेन्झो गेला. अकरा वर्षं! पुढे तिचा दुसरा डोळाही गेला. तेव्हा म्हणायची, "ढोल हळू वाजव गं सातो, यांची पावलं ऐकू येऊ देत." मग तो पाय आपटून नाचायचा, तिला कळावं म्हणून. आणि मधल्या दिवसांत? मधल्या दिवसांत तो पाण्याकडे तोंड करून बसायचाच. भेट झाली म्हणून ओढ संपली नाही. उलट आता त्या ओढीला चेहरा मिळाला. खरा चेहरा!

ती गेली तेव्हा तिच्या अस्थी घेऊन तो भर दुपारी गावच्या मधल्या रस्त्याने आला. काही दारं बंद झाली. काही उघडी राहिली. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. नामी पुढे घंटा वाजवत चालली होती.

झालं आख्यान. आता तुमच्याकडे वळतो. सुटाल असं वाटलं?

मला गावोगाव लोक भेटतात. म्हणतात, बुवा, वडील अंथरुणाला खिळलेत, ओळखत नाहीत, तोंड वाकडं झालंय. भावाला शहरातल्या इस्पितळात ठेवलाय. आईला त्या आश्रमात ठेवलंय. मी विचारतो, जाता का भेटायला? मग आवाज खाली येतो. "कसं सांगू बुवा... फार प्रेम आहे हो. पण त्यांना असं बघवत नाही."

बघवत नाही! केवढा प्रेमळ शब्द! राजपुत्रालाही बघवलं नव्हतं.

एक पाऊल मागे जातं, जाऊ दे. त्याला देवही रागावणार नाही. प्रश्न त्याच्या पुढच्या पावलाचा आहे. कारण तुम्हाला त्यांच्याकडे बघवत नाही — आणि ते तिकडे तुमचीच वाट बघतायत.

फोटोत नसलेला, दारात उभा राहिलेला देव तो हाच. चला, हात जोडा. रोज नमस्कार करताना आपण डोळे मिटतो. आज मिटू नका.