नोटांचा मोर

मंडळी, कोऱ्या नोटेला घडी घातली, की घडीच्या कडेवर केसाएवढी पांढरी रेघ उमटते. नोट पुन्हा सरळ करा — रेघ राहतेच! आता सांगा, नोट मालकाची. मग ती रेघ कुणाची?

बरं, ऐका.

बार्शीत द्वारका नावाची एक बाई. लग्नाच्या रुखवतात मांडायला नोटांचे मोर करायची. दहाच्या नोटांचा पिसारा, पन्नासची निळी मान — कात्री नाही, टाचणी नाही, डिंकाचा थेंब नाही! नुसत्या घड्या! लग्न उरकलं, की नोटा सोडवून पुन्हा बाजारात.

आणि मजुरी? छे हो! लोक म्हणायचे, "नोटा आमच्या, तुझं काय गेलं?" हातावर एक लाडू!

हसता काय? शिंप्याला असं म्हणून बघा — कापड आमचं, तुझं काय गेलं!

इकडे द्वारकेच्या चष्म्याची काच तडकलेली. घडी धड दिसेना, तर पुढचा मोर कुठला? रोज ठरवायची, नव्या काचेपुरती तरी मजुरी उद्या मागेन. उद्या उजाडला, की जीभ टाळूला!

एका लग्नात मोर मांडून झाला. नवरीची नलूमावशी खूश! "द्वारके, पाहुणे विचारतायत गं, किती हजारांचा?"

"मावशी, ते मजुरीचं..."

"अगं, नोटा आमच्याच ना!"

द्वारका वाकली. एक पीस सोडवलं, तळव्यानं सपाट केलं, मावशीच्या हातात ठेवलं. मग दुसरं.

"अगं अगं! हे काय?"

"तुमच्या नोटा, मावशी. सगळ्या परत देते."

"आणि मोर?"

मंडळी, हा प्रश्न तुम्हालाही आहे बरं! माती तर शेतातही असते. देवानं तिला घडी घातली, देह केला, म्हणून तुम्ही इथं कीर्तनात मान डोलावताय! त्याची मजुरी किती? दिवसातून एकदा त्याचं नाव. तेही आपण उधार ठेवतो — आणि वर म्हणतो, देह आमचाच ना!

तेवढ्यात दारात वाजंत्री! वऱ्हाड आलं! मोर अर्धा उघडा! मावशीला घाम फुटला. "लाव गं बाई ती पिसं! काय हवं ते बोल एकदाचं!"

द्वारकेनं मान वर केली.

"लावते, मावशी. नोटा तुमच्या, मोर माझा. मी मजुरी घेणार — आणि आत्ता घेणार!"