सुमन माहेरी पोचली का?

हसा लेकहो! पण म्हातारपणी रात्रीच्या शाळेत अक्षरं शिकून म्या बी एक कादंबरी वाचली. रोहणा गावच्या गुरुजीनं देल्ली होती. तुम्ही लोकं एका दिवसात पुस्तक संपवता, त्यात काय मजा? मले एका पानाले सारी संध्याकाळ लागे. बायको समोर वाती वळत आयके. मी अटकलो का तिचाबी हात थांबे, अन् कादंबरीतली सुमन नदीकाठी तशीच उभी राहे, पल्याड माहेरी नेणाऱ्या डोंग्याची वाट पाहत. मले तं सपनातबी तेच पाणी दिसे.

बायको म्हणे, "अजी, पोरगी माहेरी पोचन न? तिचं वाईट झालं तं मी जेवाचीच नाई."

मंग मी वावरात बसून चोरून शेवट वाचला. सुमन पुरात बुडून मेली!

संध्याकाळी पुस्तक उघडलं अन् वाचाले लागलो, "डोंगा काठाले लागला. माय धावत आली. तिनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. आंगणात चांदणं पडलं होतं, चुलीवर भाकर फुगून राह्यली होती..."

बायकोचा हात थांबला. "अजी, आज तुम्ही कुठीच अटकले नाई?"

म्या घाईनं पान पलटवलं.

"पुस्तकात मेली न ते?"

म्या मान हालवली. तिनं डोळ्याले पदर लावला. मंग माह्या हातातून पुस्तक घेतलं, मिटून बाजूले ठेवलं अन् म्हणे, "आता वाचा. मायनं तिले जेवाले काय वाढलं?"