मसल म्हणजे उंदीर

खरं बोलणं हा गुन्हा आहे का, तेवढं मला आधी सांगा. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात माली नावाची थाई रिसेप्शनिस्ट आहे. इथे मसाजचं काम करणाऱ्या थाई मैत्रिणींना ती ऑनलाइन इंग्लिश शिकवते. शब्द कुठून आला, त्याला शेपूट कुठलं लागलं, हे ती मला विचारते. पेमेंट, अपार्टमेंट, अ‍ॅग्रीमेंट यांतलं ‘मेंट’ सिमेंटवरून आलं, पक्कं केलं ते मेंट, अशी थाप मी ठोकली होती. बाईने ती वर्गाला शिकवलीसुद्धा!

गेल्या शनिवारी तिने मला पाहुणे सर म्हणून बोलावलं. म्हटलं, मास्तर झालोय, आज शुद्ध खरं. डिक्शनरी वाचून बसलो.

“मसल म्हणजे मुळात लॅटिनमधला छोटा उंदीर,” मी म्हणालो. “दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो, म्हणून.”

सगळ्या मालीकडे बघू लागल्या.

“सर, जोक नको,” माली म्हणाली. “या रोज लोकांचे मसल दाबतात.”

“अहो, आईशप्पथ! आमच्या मराठीत तर त्याला बेडकुळी म्हणतात, म्हणजे छोटा बेडूक!” असं म्हणून मी बाही वर केली.

“खलास, सर, बस्स झालं,” माली म्हणाली आणि तिने मला वर्गातून काढून टाकलं!

मी तणतणत बायकोला म्हटलं, “तू तरी सांग तिला, हे खरं आहे म्हणून.”

“सांगते,” ती म्हणाली. “पण आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायचं, तर जरा पटेल असं तरी बोलायचं.”