कोपऱ्यावरचे तीन पाइप

वर्षा : हलू नका, आबा. नळीत पुन्हा रक्ताची गाठ अडकली होती. आता उतरतंय बघा पिशवीत.

दगा : तोंड फिरव तू. लेकीनं बापाचं मूत काढावं… किळस येते मले सोताची.

वर्षा : दवाखान्यात रोज वीस जणांचं काढते मी. पहिल्या डॉक्टरनं नळीच बारीक घातली, तिथं चुकलं. नर्सिंगला शिकवलंय आम्हाला, नळीची रुंदी निम्मी झाली की अडथळा सोळापट होतो. मग लघवी मागेच तुंबते, वर चढते, मूत्रपिंडं सुजतात.

दगा : गटरलेबी तसंच व्हतं का?

वर्षा : आकडा वेगळा असेल, चाल तीच. का हो?

दगा : काही नही. बाहेर कसला गलका हाये?

वर्षा : गटर चोकअप झालंय परत. खालच्या चार घरांत मैला शिरलाय. नगरपालिकेची माणसं आलीत, बांबू घालून ढोसताहेत. त्यांचंही म्हणणं गल्लीसारखंच, खालच्या घरातल्या सखुबाईनं चिंध्या टाकल्या. मागच्या आठवड्यात गल्लीनं तिला चेंबरमध्ये हात घालायला लावला म्हणे, खांद्यापर्यंत. मी ड्यूटीवर होते. तुम्ही दारातच होतात ना?

दगा : व्हतो.

वर्षा : आणि काही बोलला नाहीत?

दगा : चिंध्यांनी नही तुंबत ते, वर्षा. कोपऱ्यावर, पानवाल्यासमोर, रस्त्याखाले तीन पाइप सहा इंची हायेत. मागचे-पुढचे सगळे नऊ इंची.

वर्षा : तुम्हाला काय माहीत?

दगा : मीच बसवले. एक्क्याण्णवची गोष्ट. ठेकेदाराकडे मुकादम व्हतो तवा. नऊ इंची माल संपला, अन् दुसऱ्या दिवशी उद्घाटन. साहेब बोलला, दगा, आता हेच टाक, पुढच्या महिन्यात बदलू. मी माती ओढली. वरून डांबर पडलं. साहेब परत फिरकलाच नही.

वर्षा : सहा वर्षं झाली, आबा. सखुबाईची नात काविळीनं दीड महिना पडून होती. तिला सलाईन मी लावत होते.

दगा : मले वाटे, कवातरी कोणी खोदीन, त्यायले दिसीन.

वर्षा : कोण खोदणार? माहीत फक्त तुम्हाला. मला तुमच्या लघवीची घाण वाटत नाही. ह्याची वाटते.

दगा : आता ही पिशवी लटकावून लोकांसमोर जाऊ?

वर्षा : सखुबाई भरलेला हात घेऊन अख्ख्या गल्लीतून घरी गेली. उठा. पिशवी मी धरते, कमरेच्या खाली. वर गेली तर उलटं येईल.

(त्याच दिवशी, दुपार कलल्यावर. कोपऱ्यावर रस्ता खोदलेला.)

सखुबाई : निघाले का गं वर्षे, ते पाइप?

वर्षा : दोन निघाले, मावशी. तिसरा निघतोय. आत गाळ नि चरबी गच्च बसली होती. चिंधी एक नव्हती. नऊ इंची टाकतो असं लिहून घेतलंय मी नगरपालिकेच्या माणसांकडून.

सखुबाई : माझ्या घरातलं पानी उतरलं बघ. जागा दावली कुनी पन?

दगा : मी. टाकलेबी मीच व्हते, सखुबाई. तू हात घातला तवाबी मले ठाऊक व्हतं.

सखुबाई : दारात बसला व्हता तुमी. म्या तुमच्याकडं बघितलं.

दगा : हा. मी मान खाले घातली.

सखुबाई : मला वाटलं, बाईमानसाची इटंबना बघवना ह्यास्नी. घरी जाऊन सुनेला म्हनलं बी, गल्लीत एक मानूस तरी शरमला.

दगा : माफी मागतो तुझी.

सखुबाई : आठ दिस राखेनं हात घासतीया. भाकरीचा घास तोंडाजवळ नेला की अजून वास येतुया.

दगा : गल्लीत सगळ्यायले सांगतो मी. एकेका घरी जाऊन.

सखुबाई : सांगा. माझ्या सुनेसमोर बी सांगा.

वर्षा : मावशी, ह्यांना चक्कर येतेय. सकाळपासून उभे आहेत. तुमच्या ओट्यावर टेकू द्या घटकाभर.

सखुबाई : वटा आत्ताच धुतलाय म्या, वर्षे.