दोन रिंगा

हसू नका, पण बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी चक्क संशोधक होतो. मोबाइल नुकते सगळ्यांच्या हातात आले होते. आमच्या संज्ञापन विभागातल्या सरांनी मला कामाला लावलं: लोक फोनवर काय बोलतात, ते विचारून फॉर्म भरायचे. शोधनिबंधात माझं नाव येणार होतं! मी आठवडाभर येरवड्यात दारोदार हिंडलो.

सरांनी फॉर्म चाळले. "अहो संशोधक, हे सगळे नुसते मिस्ड कॉलच देतात?"

"हो सर. पोचलो, खाली ये, जेवायला थांबू नका... सगळं त्यातच."

"जिथे एक शब्द बोलला जात नाही, त्याला संवाद म्हणत नाहीत. हे फॉर्म रद्द."

हातात चारच फॉर्म उरले. माझं नाव गेल्यात जमा होतं.

तेवढ्यात सरांचा मोबाइल दोनदा वाजून थांबला. फोनला हातही न लावता सरांनी स्कूटरची किल्ली उचलली.

"निघालात सर?"

"घरून होता. एक रिंग म्हणजे दूध, दोन म्हणजे कोथिंबीर."

मी नुसता त्या रद्द गठ्ठ्याकडे बघत राहिलो.

सर दारातून परत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "एक कोरा फॉर्म द्या."