सोनचाफ्याचं रोप

दुर्गाघाटाच्या पायरीवर रामनगरच्या नावेची वाट बघत बसलो होतो. मागे दोघी मराठीत बोलत होत्या, एक म्हातारी आणि एक तरुण.

“काकू, तुम्ही या नावेत? तुम्ही तर काशीत देह ठेवायला आलात ना?”

“आले खरी. अकरा वर्षं झाली त्याला.”

“मग पलीकडे कशाला? तिकडे मेलं तर गाढवाचा जन्म येतो म्हणतात!”

“म्हणून तर दुपारच्या आत परत येणारेय. तिथला माळी सोनचाफ्याची रोपं विकतो.”

“एवढ्यासाठी? त्यापेक्षा कलेक्टरच्या मडमेसारखं विलायती फुलांचं बी पेरा. दोन महिन्यांत बगीचा भरतो.”

“आणि ऊन तापलं की सगळं उपटून फेकते ती बया! माझी जाई बघ, तगर बघ. एकदा लावली ती लावली.”

“बरं, भाच्याला पाठवायचं होतं.”

“बिंदुमाधवाला? पाठवलं होतं की. पांढरा चाफा घेऊन आला मेला!”

“मग मी आणते. तुम्ही घरी जा.”

“नीट ऐक हं, प्रमोदिनी. त्याच्याकडे दोन तऱ्हेची रोपं आहेत. कलमी तीन वर्षांत फुलतं, बियांचं आठ वर्षांत.”

“कळलं. कलमीच आणते.”

“बघ, म्हणूनच मला जायला हवं.”

“का? काय चुकलं?”

“कलमी झाड फार वर्षं टिकत नाही गं. सरक, नाव लागली.”