पाइप कधी टाकला?

ठिबकचा विषय निघालाच आहे, तर आमच्या दाते साहेबांचं ऐका. नव्वदीच्या सुमारास मी जळगावला पाइपच्या कारखान्यात होतो. साहेबांची कल्पना तशी चांगली होती. जुना झालेला पाइप शेतकऱ्याकडून परत घ्यायचा, वितळवायचा आणि त्याचाच नवा करायचा. पण त्यासाठी पाइप टिकतो किती, हे आधी कळायला हवं. म्हणून त्यांनी आम्हाला शिरपूरकडे गावोगाव पाठवलं. विचारायचं एवढंच, पाइप कधी घेतला आणि कधी टाकला?

उत्तरं ऐकून साहेब पांढरेफटक पडले. "अहो, सोमवारी घेतात आणि बुधवारी टाकतात? आपला माल इतका वाईट?"

त्यांनी त्याच दिवशी मशीन बंद करवलं. पाळीवरची माणसं घरी बसली आणि साहेब मला घेऊन स्वतः चौकशीला निघाले.

केळीच्या बागेत एक म्हातारे नाना भेटले. साहेबांनी थेटच विचारलं, "नाना, आमचा पाइप का टाकला?"

"केळीले पानी देवाले."

"म्हणजे? टाकला कुठे?"

"वावरमा."

"शेतातच? दाखवा बरं मला."

"तुमना पायखाले शे."

साहेबांनी पाय उचलला. खाली आमचाच पाइप होता, केळीच्या बुडाशी थेंब थेंब पाणी सोडत.

नाना माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "हाऊ साहेब पाइपना कारखानानाच शे ना?"